लॅपटॉपवरचा सर्व्हर : नव्याने येणाऱ्यांसाठी प्रस्तावना

वेब प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत स्थानिक सर्व्हरच्या वाट्याला दीड-दोन पानं येतात. अमुक सॉफ्टवेअर उतरवून घ्या, 'नेक्स्ट नेक्स्ट' करत जा, शेवटी 'स्टार्ट' दाबा, ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' लिहा. झालं, आता खऱ्या विषयाकडे वळू. विद्यार्थीही तसंच करतात. पुढे फायनल इयरचा प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी पडद्यावर पांढरं पान येतं. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळाकडे बघतात आणि चौघांच्या गटातला एक जण पुटपुटतो, "सर, कालपर्यंत चालत होतं." काल चालत होतं हे खरंच असतं. आज का चालत नाही याचं उत्तर मात्र बहुधा त्या घाईने उलटलेल्या दीड पानांत असतं. वेब म्हणजे नेमकं काय घडतं हे समजून घ्यायला स्वतःच्या लॅपटॉपवरच्या सर्व्हरइतकी सोयीची जागा दुसरी नाही, असं माझं मत आहे. म्हणून ही प्रस्तावना त्या दीड पानांपुरतीच आहे.

हे लिहिताना डोळ्यांसमोर विष्णुपुरी आहे. गोदावरीवरच्या धरणामुळे आणि उपसा सिंचन प्रकल्पामुळे गावाचं नाव राज्यभर झालं. विद्यार्थ्यांसाठी मात्र विष्णुपुरी म्हणजे श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. पहिली १९८१ची. दुसरं १७ सप्टेंबर १९९४चं, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी स्थापन झालेलं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे त्याचे चार जिल्हे. आमच्या विषयाच्या दृष्टीने या दोन्ही सालांना शेजार चांगला लाभला आहे. १९८१च्या सप्टेंबरातच इंटरनेट प्रोटोकॉलचा तो दस्तऐवज प्रसिद्ध झाला, ज्यावर आजही बरीचशी वाहतूक चालते. आणि विद्यापीठ अकरा महिन्यांचं होतं तेव्हा, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेही आधी मोठ्या शहरांत; मराठवाड्यात त्याची वाट बघावी लागली.

वाट बघण्याची ती सवय अजून पुरती गेलेली नाही. प्रोग्रॅमिंग 'खरं' शिकायचं तर पुण्याला जावं लागतं, क्लास लावावा लागतो, नेट जोरात असावं लागतं, असं लोह्या-कंधारहून किंवा अहमदपूरहून आलेली मुलं पहिल्याच वर्षी एकमेकांना सांगतात. नोकरीसाठी पुणं गाठावं लागेल कदाचित. पण सर्व्हर चालवायला लागत नाही. एकदा सॉफ्टवेअर उतरवून झालं की पुढे महिनाभर नेट नसलं तरी अडत नाही. लाइट गेली तरी बॅटरी आहे तोवर सर्व्हरही आहे आणि त्याच्याकडे येणारा ग्राहकही.

आता मुख्य गोष्ट. वेबवर नेहमी दोघं असतात. एक मागतो, तो ब्राउझर. दुसरा देतो, तो सर्व्हर. एरवी हे दोघं एकमेकांपासून हजारो किलोमीटरवर असतात आणि मधलं काही आपल्याला दिसत नाही. स्थानिक सर्व्हरमध्ये दोघंही एकाच यंत्रात बसलेले असतात. तहसीलच्या खिडकीशी अर्ज घेऊन उभे राहणारेही आपणच आणि खिडकीपलीकडे बसून शिक्का मारणारेही आपणच, असा हा प्रकार आहे. त्यामुळे अर्ज कुठे अडला हे विचारायला कोणाकडे जावं लागत नाही. उठून पलीकडे जायचं आणि पाहायचं. त्या कचेरीला खिडक्या अनेक असतात, प्रत्येकीवर क्रमांक असतो. तो क्रमांक म्हणजे पोर्ट. एका खिडकीवर एका वेळी एकच कारकून बसतो, हे लक्षात ठेवा. पुढे फार उपयोगी पडणार आहे.

या 'आपल्याच यंत्रा'चा पत्ता १२७.०.०.१, आणि 'लोकलहोस्ट' हे त्याचं नाव. १२७ने सुरू होणारे सगळे पत्ते १९८१मध्येच बाजूला काढून ठेवले होते. यंत्राने स्वतःशी बोलण्याचं काम त्यांना १९८६मध्ये मिळालं, आणि या पत्त्यावरचं काहीही यंत्राबाहेर जाता कामा नये असा दंडक १९८९मध्ये आला. गंमत म्हणजे एका पत्त्याने भागलं असतं तिथे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते राखले गेले. पत्त्यांची टंचाई येईल असं तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. पुढे आयपीची सहावी आवृत्ती करताना ही उधळपट्टी आवरली आणि त्या कामाला एकच पत्ता दिला. आता लोकलहोस्ट या एका नावाचे दोन अर्थ निघू शकतात, जुना पत्ता किंवा नवा. नोड.जेएसच्या १७व्या आवृत्तीनंतर अनेकांना 'कनेक्शन रिफ्यूज्ड'चा निरोप मिळू लागला तो यामुळेच. सर्व्हर जुन्या पत्त्यावर बसलेला, मागणारा नव्या पत्त्यावर जाऊन परतलेला. अशा वेळी नावाऐवजी आकडे टाइप करून बघावेत.

इतिहास फार सांगत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९०च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत पहिला वेब सर्व्हर आणि पहिला ब्राउझर लिहिला, तो एकाच नेक्स्ट संगणकावर. त्या संगणकावर हाताने लिहिलेली एक चिठ्ठी डकवलेली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. म्हणजे वेबची सुरुवातही टेबलावरच्या एका यंत्रातच झाली. तुम्ही करणार आहात ते काही दुय्यम किंवा सरावापुरतं नाही.

एचटीएमएलच्या फाइलवर डबल क्लिक केलं तरी ती ब्राउझरमध्ये उघडते, मग सर्व्हर हवाच कशाला, हा प्रश्न दर वर्षी येतो आणि तो रास्त आहे. तेव्हा ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीकडे नीट बघा. तिथे सुरुवातीला एचटीटीपी नसतं, 'फाइल' असतं. म्हणजे कोणी मागितलेलं नाही आणि कोणी दिलेलं नाही. ब्राउझरने डिस्कवरची फाइल नुसती उघडली. साधं पान दिसेल. पण त्या पानातल्या जावास्क्रिप्टने शेजारची दुसरी फाइल मागितली की ब्राउझर सुरक्षेच्या कारणाने नकार देईल. पीएचपीच्या फाइलवर डबल क्लिक केलंत तर आत लिहिलेला कोडच जसाच्या तसा समोर येईल, कारण तो चालवणारा पलीकडे कोणी नाही.

आता एक प्रयोग करा. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप अर्थात रोमनमध्ये करायच्या. एका रिकाम्या फोल्डरमध्ये 'इंडेक्स' नावाचं चार ओळींचं एचटीएमएल पान ठेवा, त्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि लिहा: पायथन, जागा, डॅश एम, जागा, एचटीटीपी डॉट सर्व्हर. काळ्या खिडकीत ८००० हा पोर्ट दिसेल. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, विसर्गचिन्ह, ८००० लिहून एंटर मारा. आणि आता पानाकडे बघू नका, काळ्या खिडकीकडे बघा. तिथे एक ओळ उमटली असेल: पत्ता १२७.०.०.१, तारीख-वेळ, 'गेट', एक तिरपी रेघ आणि २००. म्हणजे या पत्त्यावरून कोणीतरी मुख्य पान मागितलं आणि ते दिलं. त्याखाली बहुधा आणखी एक मागणी असेल, तिच्यापुढे ४०४. मागितलेली वस्तू 'फॅव्हआयकॉन'. ती तर तुम्ही कधी मागितलीच नव्हती! ब्राउझरने ती परस्पर मागितली, टॅबवर लावायला छोटं चित्र हवं म्हणून. १९९९च्या इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीपासून ही खोड ब्राउझरांना लागली आहे.

या दोन ओळी मी वर्गात बराच वेळ फळ्यावर ठेवतो. ब्राउझर आपल्या नकळत किती मागत असतो, सर्व्हर प्रत्येक मागणीची नोंद कशी ठेवतो आणि 'नाही' हेही एक व्यवस्थित उत्तर असतं, हे सगळं त्यांत आहे. पान पुन्हा ताजं केलंत तर २००च्या जागी ३०४ दिसू शकेल: तुझ्याकडे आहे तेच चालव, बदललेलं काही नाही. "सर, कोड बदलला पण जुनंच दिसतंय" या तक्रारीचा उगम बऱ्याचदा ब्राउझरने जपून ठेवलेल्या जुन्या प्रतीत असतो. कंट्रोल दाबून एफ५ करा, तो नवी प्रत मागवेल.

साधनं पुष्कळ आहेत आणि त्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही. माझा कल मात्र लपवत नाही: सुरुवात टर्मिनलपासून करावी. पायथनचा वरचा सर्व्हर किंवा पीएचपीमध्येच २०१२च्या ५.४ आवृत्तीपासून मिळणारा सर्व्हर, एवढं पहिल्या पंधरवड्याला पुरतं. मग झॅम्प घ्या, कारण अपाची, डेटाबेस आणि पीएचपी त्यात एकत्र येतात आणि आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त प्रॅक्टिकल त्यावरच होतात असं मला दिसतं. व्हीएस कोडमधला लाइव्ह सर्व्हर, नेटबीन्समधलं हिरवं बटण, जँगोचा 'रनसर्व्हर' हे सगळं चांगलंच आहे. पण हिरवं बटण दाबून जे आपोआप होतं ते बिघडलं की बटणाकडे बघून काही कळत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे धडे भारतीय भाषांत, मराठीतही, आहेत. अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्यावर आपलं काम, अशी त्यांची रीत आहे. एकट्याने शिकणाऱ्यांनी ती उचलावी.

खिडकीवर एकच कारकून बसतो, हे वर सांगितलं. झॅम्प बसवल्यावर अपाचीचं 'स्टार्ट' दाबलं, नाव क्षणभर पिवळं झालं आणि लाल अक्षरांत पोर्ट ८० आधीच वापरात असल्याचा निरोप आला, हा अनुभव प्रत्येक बॅचला येतो. मग काही जण विंडोज नव्याने टाकतात. तेवढं करायची गरज नसते. टर्मिनलमध्ये 'नेटस्टॅट डॅश एएनओ' लिहा. कोणत्या पोर्टवर कोणता प्रोसेस बसलाय याची यादी मिळेल. ८०समोर ४ हा आकडा दिसला तर तिथे खुद्द विंडोजच बसलंय, त्याच्या स्वतःच्या वेब सेवेमार्फत. पूर्वी हा मान स्काइपकडेही असे. सेवा बंद करा, नाहीतर अपाचीच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'लिसन ८०' ऐवजी 'लिसन ८०८०' करा. पण थांबा. जाव्याच्या प्रॅक्टिकलसाठी टॉमकॅट टाकला असेल तर तोही ८०८०च मागतो. आणि डीबीएमएसच्या पेपरसाठी ओरॅकलची जुनी मोफत एक्सप्रेस आवृत्ती बसवली असेल तर तिचं वेब पानही तिथेच बसतं. तीन विषयांचे तीन सर तीन वेगळ्या सत्रांत शिकवतात. एकाच लॅपटॉपवर त्यांचे तीन सर्व्हर एका खिडकीसाठी भांडतात आणि निस्तरणारा विद्यार्थी एकटा. ३३०६वर मायएसक्यूएलचंही असंच होतं, आधीची प्रत काढायची राहिली असली की.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी यापुढचा भाग सगळ्यांत मोलाचा, आणि इंग्रजी पुस्तकांत नेमका तोच नसतो. पानावर 'मराठी' लिहिलं आणि ब्राउझरमध्ये भलतंच उमटलं: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चार कोपऱ्यांना रेघा फुटलेलं चलनचिन्ह, मग वर्तुळातला आर, आणि असंच पुढे. हे कचऱ्यासारखं दिसतं, पण त्यात शिस्त आहे. 'मराठी'त युनिकोडच्या हिशेबाने पाच घटक आहेत: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो, म्हणजे पंधरा बाइट. प्रत्येक तिकडीचा पहिला बाइट तोच, म्हणून तो तिरक्या रेघेचा ए पुन्हापुन्हा दिसतो. पहिल्या चार घटकांत दुसऱ्या जागी चलनचिन्ह येतं आणि वेलांटीच्या जागी येनचं चिन्ह, कारण वेलांटी देवनागरीच्या तक्त्याच्या उत्तरार्धात बसते. म्हणजे पंधराच्या पंधरा बाइट शाबूत आहेत, वाचणाऱ्याने फक्त चुकीची लिपी धरली. पानाच्या अगदी वर, पहिल्या १०२४ बाइटच्या आत, मेटा चारसेट यूटीएफ-८ ही ओळ घातली की सगळं जागेवर येतं.

प्रश्नचिन्हं मात्र वेगळी. डेटाबेसमध्ये 'नांदेड' साठवलं आणि परत मागितल्यावर सहा प्रश्नचिन्हं आली, तर तिथे नांदेड उरलेलं नाही. साठवतानाच ते गेलं. तक्ता लॅटिन-१मध्ये होता आणि त्याला देवनागरी ठाऊकच नव्हती. मायएसक्यूएलमध्ये २०१८च्या ८.० आवृत्तीपर्यंत हाच मूळ पर्याय असायचा, त्यामुळे जुन्या प्रती असलेल्या लॅबमध्ये तो आजही भेटतो. तक्ता आणि जोडणी, दोन्हींना 'यूटीएफ८एमबी४' सांगावं. नुसतं 'यूटीएफ८' म्हटलं तर मायएसक्यूएल तीनच बाइट देतं. देवनागरीला ते पुरतात, इमोजीला पुरत नाहीत, आणि मोडीलाही पुरत नाहीत! मोडी लिपी २०१४मध्ये युनिकोड ७.०मध्ये आली ती चार बाइटच्या घरात. जुनी मोडी दफ्तरं संगणकावर आणण्याचं काम मराठवाड्यात कधी कोणी हाती घेतलं तर पहिल्याच दिवशी हा प्रश्न समोर उभा राहील. तशीच 'ॲ'ची गोष्ट. हे अक्षर २००८पासून स्वतंत्र घटक आहे, पण 'अ'वर चंद्र देऊनही ते लिहिता येतं. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात आणि संगणकाला दोन वेगळी वाटतात. प्रवेशाच्या यादीत 'ॲडमिशन' शोधून सापडत नसेल तर टाइप करणाऱ्याचा कीबोर्ड कोणता होता ते विचारा.

स्थानिक सर्व्हर फक्त आपल्यालाच दिसतो ही समजूतही तपासून घ्यायला हवी. पायथनचा तो एका ओळीचा सर्व्हर काही सांगितलं नाही तर यंत्राच्या सगळ्या जाळ्यांवर ऐकत बसतो. होस्टेलच्या वाय-फायवर तो सुरू ठेवलात आणि फायरवॉलच्या चौकटीत घाईने 'अलाउ' दाबलंत, तर शेजारच्या खोलीतला मित्र तुमचा अख्खा फोल्डर चाळू शकतो; त्यात इंडेक्स पान नसेल तर सर्व्हर स्वतःहून फाइलींची यादीही वाढून देतो. जँगोचा सर्व्हर याबाबतीत जपून असतो, तो मुळात १२७.०.०.१वरच बसतो. झॅम्पमधल्या डेटाबेसच्या 'रूट'ला पासवर्डच नसतो. घरी ठीक आहे, पण सार्वजनिक वाय-फायवर हे आठवावं.

याच गोष्टीचा दुसरा उपयोग मला जास्त आवडतो. किविक्स नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये १ मे २००३ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया उतरवून ठेवता येतो आणि लॅपटॉपवरून वर्गभर वाटता येतो. एक लॅपटॉप, एक साधा राउटर, मुलांच्या हातात १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता. इंटरनेट शून्य. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत रेंज जिन्यावर उभं राहिल्यावरच मिळते तिथे हा प्रोजेक्ट करून बघावा. हॉटेल बुकिंगच्या विसाव्या प्रतीपेक्षा तो मला केव्हाही चालेल. एक अडचण तेवढी आधीच सांगून ठेवतो. ब्राउझर लोकलहोस्टवर विश्वास ठेवतो म्हणून तिथे कॅमेरा आणि लोकेशन चालतं. तेच पान मोबाइलवरून १९२.१६८च्या पत्त्याने साध्या एचटीटीपीवर उघडलं की कॅमेरा मिळत नाही. क्यूआरने हजेरी घेणारे प्रोजेक्ट आयत्या वेळी आडवे होतात ते इथे.

सर्व्हर लॅपटॉपवरून उचलून बाहेर नेताना काय मोडतं, हे विस्ताराने पुढे येईलच. दोन गोष्टी आताच सांगतो, कारण त्यांची सवय पहिल्या दिवसापासून लागते. विंडोजला फाइलच्या नावातलं मोठं-लहान रोमन अक्षर सारखंच. होस्टिंग बहुतेक लिनक्सवर असतं आणि त्याला ते सारखं नसतं, त्यामुळे 'लोगो'चा एल मोठा की छोटा एवढ्यावरून चित्र गायब होतं. सगळी नावं छोट्या अक्षरांत ठेवा. दुसरी गोष्ट चित्रांच्या आणि दुव्यांच्या पत्त्यांत राहून गेलेल्या 'लोकलहोस्ट'ची. तुमच्या लॅपटॉपवर ते पान अगदी बरोबर दिसेल. परीक्षकांच्या संगणकावर मात्र त्यांचा ब्राउझर ते चित्र त्यांच्याच यंत्रात शोधायला जाईल, कारण प्रत्येक यंत्रासाठी लोकलहोस्ट म्हणजे ते स्वतः. सबमिशनच्या आदल्या रात्री अख्ख्या फोल्डरमध्ये 'लोकलहोस्ट' आणि '१२७.०.०.१' हे दोन शोध घ्या, आणि सापडेल ती प्रत्येक ओळ उघडून बघा.